मोबाइल बंद, बाटली हातात

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक चित्रफीत देशभर फिरली. ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील रामदेगी परिसरात भानुसखिंडी वाघिणीचा बछडा पाणवठ्यातली प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून चालला होता. लोक हळहळले, कुणाच्या तरी नावाने बोटे मोडली. एक साधा प्रश्न मात्र उरतोच. जंगलाच्या वाटेवर रिकामी बाटली हातात असलेल्या माणसाने ती टाकायची कुठे?

आपण चालकाला किंवा टपरीवाल्याला विचारतो. नागपूरला उतरून मोहर्ली किंवा कोलारा गेटकडे निघालेल्या परदेशी पाहुण्याला ते जमत नाही. पेटी सापडली तरी रंगाचा घोळ असतो. आपल्याकडे हिरवी ओल्या कचऱ्याची आणि निळी सुक्याची. जर्मनीत निळी पेटी कागदासाठी आणि पिवळी वेष्टनांसाठी असते. जपानमध्ये तर १९९५ च्या टोकियो मेट्रोतील सरिन वायुहल्ल्यानंतर सार्वजनिक ठिकाणच्या बऱ्याच पेट्या काढून टाकल्या गेल्या. पर्यटक तिथे दिवसभर कचरा पिशवीत घेऊन हिंडतात. अशा पाहुण्यांना जवळची पेटी दाखवणारे अ‍ॅप ही कल्पना त्यातूनच सुचते.

तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर कचरापेटीसाठी वेगळी खूण आहे आणि ती कुणालाही नोंदवता येते. महाविद्यालयातील चार मुले मोबाइल घेऊन चंद्रपूर ते मोहर्ली रस्त्यावर एक दिवस फिरली, तर त्या पट्ट्यातील पेट्या नकाशावर येतील. हा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला की नेटवर्क नसतानाही चालतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो, दाट पानांखाली चूक वाढते. पेटी शोधायला तेवढे पुरते.

शहरातला नियम असा की पेट्या जितक्या जास्त, तितके चांगले. जंगलाशेजारी तो उलटा पडतो. उघडी पेटी म्हणजे माकडांची आणि रानडुकरांची खाणावळ. वेफर्सच्या पाकिटाला मिठाचा आणि तेलाचा वास असतो, म्हणून जनावर ते पाकिटासकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, पोटात साचत जाते. उकिरड्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि पाठोपाठ दुर्गापुरात एक मुलगा बिबट्याच्या तोंडी गेला. प्रत्येक हल्ल्यामागे कचराच असतो असे नाही. पण वस्तीच्या कडेला सहज मिळणारे खाणे ठेवणे म्हणजे आमंत्रणच. म्हणून इथल्या अ‍ॅपमध्ये पेटीच्या खुणेसोबत एक रकाना हवा: झाकण घट्ट बसते का? बसत नसेल, तर ती पेटी पाहुण्याला दाखवूच नये.

दुसरी अडचण गमतीची आहे. ताडोब्याच्या कोअर क्षेत्रात सफारीला मोबाइल नेता येत नाही. म्हणजे बाटली रिकामी होते नेमकी तेव्हाच अ‍ॅप हाताशी नसते! ही बंदी योग्यच आहे, ती अ‍ॅपसाठी सैल करण्याचे कारण नाही. अ‍ॅपचे काम गेटच्या बाहेरचे. सफारीआधी पिण्याचे पाणी भरून घ्यायची जागा आणि परतल्यावर कचरा टाकायची जागा, या दोन खुणा चित्रासह आदल्या रात्रीच दिसल्या पाहिजेत. माझ्या मते पाण्याची खूण पेटीच्या खुणेहून जास्त मोलाची, कारण त्यामुळे बाटली विकतच घ्यावी लागत नाही.

तिसरा रकाना तारखेचा: पेटी शेवटची कधी रिकामी केली? डेंगीचा एडिस डास टाकलेल्या बाटलीत, कपात, करवंटीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. तेव्हा सात दिवसांत न उपसलेली पेटी नकाशावर लाल व्हावी. (गडचिरोलीच्या हिवतापाचे खापर मात्र कचऱ्यावर फोडू नये. तो पसरवणारे अ‍ॅनाफिलिस डास मुख्यतः ओढे, झरे, भातखाचरांच्या पाण्यात वाढतात.)

गडचिरोलीत या नकाशाचे रूपच बदलेल. आलापल्लीहून कमलापूरचे हत्ती पाहायला किंवा हेमलकशाला निघालेल्या पाहुण्याला पडद्यावर बराच वेळ एकही खूण दिसणार नाही. दाट जंगलाच्या त्या रस्त्यावर जागोजागी पेटी ठेवली तरी ती उपसायला रोज गाडी कोण पाठवणार? तिथे अ‍ॅपने निघतानाच त्याच्या भाषेत स्पष्ट सांगावे: ‘पुढे पेटी नाही. कचरा पिशवीत ठेवा आणि परत आलापल्लीला आणा.’