दगडू आणि दया: 'बलुतं'मधले दोघे

दया पवारांची ओळख थोडक्यात अशी. जन्म १९३५ चा, अहमदनगर जिल्ह्यातल्या धामणगावचा. बालपण काही महारवाड्यात, काही मुंबईच्या कावाखान्यात. १९७४ मध्ये 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह आला, १९७८ मध्ये 'बलुतं'. १९९० मध्ये पद्मश्री, १९९६ मध्ये निधन. आज मला या साऱ्यातला एकच प्रश्न घ्यायचा आहे. 'बलुतं'मध्ये एकाच माणसाची दोन माणसं का होतात?

आपल्याकडचं नेहमीचं आत्मचरित्र बघा. त्यात शहाणा झालेला 'मी' मागे वळून बघतो आणि आयुष्याचा हिशेब मांडतो. 'बलुतं'मध्ये तसं नाही. तिथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दगडू हे घरचं नाव, दया हे लेखकाचं. ही निव्वळ लेखनाची युक्ती आहे, असं म्हणता येईल; पण तेवढ्यावर भागत नाही. शिकून नोकरीला लागलेला, कवी म्हणून नाव झालेला माणूस दगडूपासून दूर गेलेला असतो. त्याला दगडूची लाज वाटते, आणि त्या लाजेचीही लाज वाटते. अशा वेळी 'मी' म्हणून सरळ बोलायला गेलं की एक तर रडगाणं होतं, नाही तर फुशारकी. म्हणून दोघांना समोरासमोर बसवावं लागतं.

याचा दुसरा फायदा नैतिक आहे. दगडू फक्त फिर्यादी राहत नाही, तो आरोपीही होतो. पहिल्या बायकोवर संशय घेऊन तिला सोडलं, हेही तो सांगतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः अन्याय करू शकतो, हे कबूल करायला धैर्य लागतं. सोसलं म्हणून माणूस आपोआप निर्दोष ठरत नाही.

पुस्तक आल्यावर काही शिकलेले दलित वाचकही नाराज झाले. आपली अब्रू अशी वेशीवर का टांगायची, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप हलका नाही. वाचणारा सवर्ण ते कुतूहलानं वाचणार, ही भीती खरीच होती. पण मुद्दा असा, की लाज वाटायची ती कोणाला?

इथे दोन्ही पुस्तकांची नावं बघा. दोन्ही शब्द गावगाड्यातले. कोंडवाड्यात जनावर जातं ते कोणाच्या तरी पिकात शिरलं म्हणून; या माणसांनी कोणाच्या पिकात तोंड घातलं होतं? आणि बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीत मिळणारा धान्याचा वाटा. मेलेली जनावरं ओढायची, मौतीचे सांगावे न्यायचे, आणि मग आपल्याच कष्टाचा मोबदला खळ्यावर मागून घ्यायचा. पवारांनी आपल्या आयुष्यालाच हे नाव दिलं: गावानं माझ्या पदरात घातलं ते हे. म्हणजे लाज घेणाऱ्याकडून उचलून देणाऱ्याच्या दारात ठेवली.

कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये. पुस्तक आलं त्यानंतर वीस वर्षांनी. कायद्यानं वतन संपलं तरी दगडूचं बोलणं बाकी होतं, आणि ते ऐकून घेणारा पहिला माणूस त्याला स्वतःमध्येच शोधावा लागला. आपण वाचक त्याच्यानंतर आलो, एवढं ध्यानात ठेवून ते पुस्तक वाचावं.