लंकेचा प्रवास : कोणत्या महिन्यांत, कोणत्या बाजूस?

श्रीलंकेस जावयाचें ठरलें कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. तो रास्तच आहे. परंतु त्याहूनहि आधीं ठरवावयाची गोष्ट म्हणजे कोणत्या महिन्यांत बेटाच्या कोणत्या बाजूस राहावयाचें, ही होय. वर्षभर सांठविलेली रजा व पैसा यांचें चीज होणार, कीं समुद्रकांठच्या खोलींत बसून आठ दिवस पाऊस मोजावा लागणार, हें बहुतांशीं या एकाच निर्णयावर अवलंबून असतें.

देश लहानसा आहे. दक्षिणोत्तर लांबी सुमारें ४३५ किलोमीटर, रुंदी सुमारें २२५. पण एवढ्याशा भूमीवर वर्षांतून दोन पावसाळे येतात आणि तेहि निरनिराळ्या दिशांनीं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे मोसमी वारे वाहतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे. दोहोंच्या वाटेंत बेटाच्या मध्यभागींचे डोंगर उभे आहेत. त्यांतील पिदुरुतलागल हें सर्वोच्च शिखर २५२४ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या रहिवाशास याचा परिणाम वेगळा सांगावयास नको. महाबळेश्वरीं पावसामुळें दार उघडवत नाहीं, तेव्हां माणदेशांतला शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो. लंकेंतहि नैर्ऋत्येचें पाणी कोलंबो, गाल्ल आणि पश्चिमेकडील उतार यांवर कोसळतें व पूर्व किनारा कोरडा राहतो. मात्र कांहीं महिन्यांनीं तेथें पारडें फिरतें. ईशान्येचे वारे सुटले म्हणजे त्रिंकोमाली भिजते आणि गाल्लच्या किनाऱ्यावर ऊन पडतें.

हें गणित तेथील प्राचीन राजांस चांगलें अवगत होतें. अनुराधपुर व पोलोन्नरुव या दोनहि राजधान्या कोरड्या पट्ट्यांत आहेत. तेथें मुख्य पाऊस ईशान्येचा. तो सांठविल्यावांचून पुढील महिन्यांत भात पिकणें कठीण. म्हणून त्या प्रदेशांत जागोजाग विस्तीर्ण तलाव दिसतात. बाराव्या शतकांतील पहिल्या पराक्रमबाहूचा पराक्रमसमुद्र हा त्यांतील विशेष प्रसिद्ध. पुष्कळ प्रवासी स्तूपांचीं छायाचित्रें घेऊन परततात. तलावांपाशीं घटकाभर थांबणारे थोडे. वास्तविक ती राजधानी तगली ती या पाण्यावर.

महाराष्ट्रांतील कुटुंबाची मोठी सुटी मे महिन्यांत असते, आणि चूक होते ती येथेंच. चित्रांतून पाहिलेला दक्षिण किनारा मनांत भरलेला असतो व खोल्या तेथेंच ठरविल्या जातात. त्या महिन्यांत तिकडील समुद्र खवळूं लागतो आणि पोहणें धोक्याचें होतें. मे महिन्यांत विमानतळावरून सरळ उत्तरेस अनुराधपुरास जावें, तेथून सिगिरियास आणि शेवटीं त्रिंकोमालीस. समुद्रावर तुटलेल्या कड्यावरचें कोणेश्वराचें देऊळ आणि जवळचा शांत किनारा यांसाठीं तीन दिवस राखावे. सिगिरियाच्या खडकावर पांचव्या शतकांत काश्यप राजानें बांधलेल्या प्रासादाचे अवशेष आहेत. चढ सुमारें १२०० पायऱ्यांचा. ऊन कडक असल्यानें तो सकाळींच चढावा.

दिवाळीची सुटी याहून अवघड. दोनहि वारे त्या वेळीं मंद असतात, पण आकाश विश्वासाचें नसतें. सकाळ स्वच्छ आणि दुपारनंतर गडगडाट, बेटावर कोठेंहि. बंगालच्या उपसागरांतील वादळांचाहि हाच काळ. डोंगरांत दरडी कोसळून रस्ते व लोहमार्ग बंद पडतात. शक्य असल्यास नाताळापर्यंत थांबावें हें बरें.

नाताळांत गाल्लचा किल्ला आणि दक्षिण किनारा मोकळा सांपडतो. शिवाय श्रीपाद पर्वताची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेस सुरू होऊन वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालते. २२४३ मीटर उंचीच्या त्या शिखरावरील पदचिन्ह बौद्ध बुद्धाचें, हिंदु शिवाचें व मुसलमान आदमचें मानतात, आणि तिघेहि एकाच वाटेनें चढतात. रात्रीं निघून सूर्योदयास माथा गांठावयाचा, असा प्रघात आहे. यात्रेच्या दिवसांत वाटेवर दिवे असतात, चहाचीं दुकानें उघडीं असतात. एरव्हीं वारा, पाऊस आणि अंधार.

नकाशावरील अंतरें फसवीं आहेत. कोलंबोहून कँडी सुमारें ११५ किलोमीटर, पण मोटारीस तीन-चार तास लागतात. कँडीस आगगाडी १८६७ सालीं पोंचली आणि बदुल्लास १९२४ सालीं. चहाच्या मळ्यांतून जाणाऱ्या त्या वाटेस जवळजवळ सबंध दिवस द्यावा लागतो, आणि तो द्यावाच. मात्र मार्ग चालू आहे ना, याची आधीं चौकशी करावी. नुवर एळिय १८६८ मीटरांवर असल्यानें लोंकरीचे कपडे विसरूं नयेत. सात दिवसांत सबंध बेट पाहण्याचा हट्ट धरणारास मुख्यतः मोटारीची कांचच पाहावयास मिळते.

प्रवेशाच्या परवान्याचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वीं पाहावे. दर पौर्णिमेस तेथें सार्वजनिक सुटी असते. यात्रास्थळीं गर्दी होते आणि मद्याचीं दुकानें बंद राहतात. मंदिरांत पादत्राणें बाहेर ठेवावीं, खांदे व गुडघे झांकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढवूं नये. तो तेथें मोठा अवमान समजतात.