बेचाळीस पिढ्यांचा हिशेब

नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, ही हकिकत मराठी वाचकाला ठाऊक आहेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांना ओढून घेतले ते डोंगरावरच्या प्रवचनाने. मला मात्र कित्येक वर्षे त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानाने धरून ठेवले आहे. तिथे आहे अब्राहामापासून येशूपर्यंतची वंशावळ, म्हणजे बहुतेक जण न वाचताच पुढे जातात ते पान.

वंशावळीच्या शेवटी हे पहिले शुभवर्तमान लिहिणारा मत्तय स्वतःच बेरीज मांडतो : अब्राहाम ते दावीद 14 पिढ्या, दावीद ते यहूद्यांचा बाबेलमधला बंदिवास 14, तिथून ख्रिस्तापर्यंत 14. एकूण 42. (आपल्याकडेही उद्धार होतो तो बेचाळीस पिढ्यांचाच. योगायोगच, पण विलक्षण.) आकडा आधी ठरला आणि नावे नंतर बसवली, याबद्दल मला शंका नाही. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तिन्ही राजे मत्तयाने सरळ गाळले आहेत.

मग 14च का? हिब्रूत अक्षरेच अंक असतात. दालेत 4, वाव 6, पुन्हा दालेत 4 : दावीद म्हणजे 14. यादीतही दावीद चौदावाच. उत्तर देखणे आहे, पण वाद इथेच पेटतो. बायबलमधल्या ‘इतिहास’ या ग्रंथात दावीदाच्या नावात आणखी एक अक्षर, योद, येते; त्याचे 10 धरले की बेरीज 24 होते. आणि राजांची नावे मत्तय घेतो ती बव्हंशी तिथल्याच वंशावळीशी जुळणारी. शिवाय तो लिहितो ग्रीकमध्ये. त्याच्या वाचकाला हे गणित कसे कळावे? आक्षेप वजनदार आहेत. तरी मी 14च्या बाजूने आहे. रूथच्या पुस्तकाचा शेवट पेरेसपासून दावीदापर्यंतच्या 10 नावांनी होतो, आणि तिथे दावीद तीन अक्षरांचाच आहे. ती 10ही नावे मत्तयाच्या यादीत त्याच क्रमाने येतात, आणि रूथचे नावही तो आवर्जून घेतो.

खरी अडचण वेगळीच आहे. दावीदाचा मुलगा शलमोन याच्यापासून बंदिवासाच्या वेळच्या यखन्यापर्यंत 14 नावे भरतात, पण त्यापुढे येशूपर्यंत मोजली तर 13च. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरीने, ख्रिस्ती धर्माच्या त्या अभ्यासू विरोधकाने, या यखन्यावरच बोट ठेवले. ख्रिस्ती धर्मपंडित जेरोमचे उत्तर असे, की यहोयाकीम आणि यहोयाखीन (हाच यखन्या) या बापलेकांची ग्रीक नावे सारखी, म्हणून नकलकारांनी दोघांचा एकच माणूस केला. मला हे पटत नाही. चूक नेहमी नकलकाराच्या माथी मारणे सोपे असते.

मत्तयाचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत. पहिला गट दावीदापर्यंत, दुसरा दावीदापासून. म्हणजे दावीद दोनदा मोजायचा. तसा मोजला की दुसरा गट योशीयापाशी 14वर थांबतो. यखन्याचा जन्म मत्तय बंदिवासाच्या काळातलाच सांगतो, तेव्हा तिसरा गट त्याच्यापासून सुरू होतो आणि येशू चौदावा येतो. नावे 41, पिढ्या 42, आणि दोनदा मोजलेला एकटा दावीद.