पहिलाच सामना हरलेले विजेते

२१ नोव्हेंबर २०२० च्या संध्याकाळी मुंबई सिटी एफसी इंडियन सुपर लीगच्या त्या हंगामातला आपला पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ असा हरली. पूर्वार्धातच अहमद जहूला लाल कार्ड मिळालं, मुंबईचे दहाच जण मैदानात उरले आणि मध्यंतरानंतर लगेच क्वेसी अपियानं पेनल्टीवर गोल केला. सामना संपला तसा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पोट्ट्याचा मेसेज आला, "मॅडम, मुंबई तं गेली. आता कोणाले सपोर्ट करायचं?"

प्रश्न अगदी मनापासूनचा होता. मी वर्ध्यात क्रीडाशिक्षिका आहे आणि आमच्या मुलांनी आयुष्यात पाहिलेली प्रत्येक स्पर्धा बाद पद्धतीची असते. शालेय स्पर्धा आधी तालुक्याची, मग जिल्ह्याची, मग नागपूर विभागाची. सकाळी पुलगाव, आर्वी, हिंगणघाटचे संघ येतात, चिठ्ठ्या निघतात. मैदान एक आणि संघ भरपूर, म्हणून सामन्याची वेळ कमी केली जाते. पहिल्या फेरीत हरलेला संघ जेवणाचे डबे संपवून दुपारच्या एसटीनं परत. त्यातल्या कित्येकांसाठी वर्षभराचं खरं फुटबॉल तेवढंच. नोव्हेंबरात आणखी एक अडचण असते. कापूस वेचणीचे दिवस. माझ्या संघातली एक चांगली बॅक त्या सुमाराला आईसोबत वेचणीला जाते, कारण मजुरी किलोवर मिळते आणि घरात दोन हात जास्त लागतात. स्पर्धेचा दिवस आणि वेचणीचा दिवस एकच आला की तिचं वर्ष गेलं.

म्हणून त्या हिवाळ्यात, मैदानं बंद असताना, मी मुलांना रोज संध्याकाळी सामना बघायला लावला आणि लीग म्हणजे काय ते शिकवलं. आपण त्याला साखळी स्पर्धा म्हणतो. त्या हंगामात ११ संघ होते. प्रत्येकानं उरलेल्या दहाही संघांशी दोनदा खेळायचं, म्हणजे प्रत्येकाचे २० सामने आणि एकूण ११०. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलात तर शून्य. हरलात तरी चार-सहा दिवसांनी पुढचा सामना आहेच. एवढंच गणित, पण ते कळल्यावर मुलांची बघण्याची नजरच बदलली. आज कोण जिंकलं याच्या जोडीला आता तक्त्यात कोण कुठे सरकलं हेही ती विचारू लागली.

कोरोनामुळे सगळी लीग गोव्यातच झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, ही तीनच मैदानं. प्रेक्षक नाहीत. खेळाडू महिनोन्‌महिने हॉटेल ते मैदान एवढ्याच जगात कोंडलेले. मुंबईचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आदल्या हंगामात एफसी गोवाकडे होते. तिथूनच जहू, ह्यूगो बूमू, बचावातला उंचापुरा मुर्तदा फॉल आणि म्हापशाचा मंदार राव देसाई असे मोहरे मुंबईकडे आले. त्यामुळे गोव्यातल्या चाहत्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करते.

पहिला सामना हरलेली ही मुंबई त्यानंतर सलग १२ सामने हरली नाही. बॉल मागून, गोलीपासून छोट्या पासनं बांधत न्यायचा, घाई करायची नाही, ही त्यांची रीत. आमच्याकडे बॅकच्या पायात बॉल आला की बाहेरून पालक ओरडतात, "मार उचलून!" तिथे अमरिंदर सिंग गोलीच्या जागेवरून शांतपणे फॉलला पास देतोय हे पाहून माझ्या मुलांना धडकी भरायची. ३० जानेवारीला मुंबई पुन्हा हरली, आणि तीही पुन्हा नॉर्थईस्टकडूनच. मग फेब्रुवारीत घसरगुंडी. १५ तारखेला बंगळुरूनं ४-२, २० तारखेला जमशेदपूरनं २-० असं हरवलं. एटीके मोहन बागान पुढे निघून गेली. तोपर्यंत विदर्भात रुग्ण पुन्हा वाढले होते, अमरावतीत टाळेबंदी लागली होती आणि आमच्या शाळाही पुन्हा बंद झाल्या होत्या. ग्रुपवर बरीच निराशा होती, फुटबॉलची आणि इतरही.

२४ फेब्रुवारीला मुंबईनं ओडिशाला ६-१ असं धुतलं आणि मणिपूरच्या बिपिन सिंगनं तीन गोल केले. त्या हंगामातली पहिली हॅट्‌ट्रिक एका भारतीयाच्या नावावर लागली, याचा मला विशेष आनंद आहे.

आता साखळीतला शेवटचा सामना उरला, २८ फेब्रुवारी, रविवार, बांबोळी. समोर मोहन बागान. त्यांचे ४० गुण, मुंबईचे ३७. बागानला बरोबरी पुरत होती, मुंबईला जिंकावंच लागणार होतं. मी मुलांना गृहपाठ दिला. मुंबई जिंकली तर दोघांचेही ४० होतील, मग पहिलं कोण? सगळ्यांनी गोलफरक काढला. पण त्या लीगचा नियम होता की गुण सारखे झाले तर आधी त्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल बघायचा. ११ जानेवारीला बार्थोलोम्यू ओग्बेचेच्या गोलवर मुंबई १-० जिंकली होती. म्हणजे जानेवारीतल्या एका साध्या सोमवारचा तो गोल दीड महिन्यानं विजेता ठरवायला उभा राहणार होता. हे समजावून सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "मंग कोनताच सामना छोटा नसते, मॅडम." मला वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

सातव्याच मिनिटाला जहूनं फ्रीकिक उचलली. फॉल बागानच्या बचावपटूंच्या मागून धावत आला आणि त्यानं हेडर आत घातला. ३९ व्या मिनिटाला दुसरी फ्रीकिक थेट गोलच्या आडव्या दांड्यावर आदळली आणि परतलेला चेंडू ओग्बेचेनं डोक्यानंच आत लोटला. २-०. उरलेला वेळ मुंबईनं सांभाळला. दोन्ही संघ १२ विजय, ४ बरोबऱ्या, ४ पराभव. इतकं तंतोतंत सारखं. ३५ गोल केलेली आणि १८ खाल्लेली मुंबई पहिली आली, २८ केलेली आणि १५ खाल्लेली बागान दुसरी.

पण आपल्या लीगमध्ये तेव्हा साखळी संपली की स्पर्धा संपत नसे. साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड मिळायची. मग पहिले चार संघ उपांत्य फेरी खेळायचे आणि अंतिम सामना जिंकणारा चषक न्यायचा. मुंबई-गोवा उपांत्य सामना तर दोन लढतींनंतरही सुटेना. पहिली २-२, दुसरी ०-०. पेनल्टींच्या तोंडावर दोन्ही प्रशिक्षकांनी गोली बदलले, हे मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं. मुंबई ६-५ अशी सुटली. १३ मार्चच्या अंतिम सामन्यात पुन्हा बागानच. डेव्हिड विल्यम्सनं बागानला पुढे नेलं, मग बागानच्याच टिरीच्या स्वयंगोलनं बरोबरी झाली. मध्यंतराच्या सुमारास मुंबईचा अमेय रानवडे डोक्याला मार लागून कोसळला आणि त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. आमचा ग्रुप तेवढा वेळ गप्प होता. ९० व्या मिनिटाला ओग्बेचेनं हिसकावलेला चेंडू बिपिनकडे सरकवला आणि त्यानं सामना संपवला.

माझं मत विचाराल तर शील्ड मोठी, चषक नंतर. चषक तीन चांगल्या रात्रींत मिळू शकतो, शील्डला वीस सामने द्यावे लागतात. आशियानंही शील्डच मोजली. तिच्या जोरावर मुंबई एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये गेली आणि ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवून त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली.

महाराष्ट्राला हे यश नवीन नव्हतं. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि २००५-०६ च्या हंगामात डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईची महिंद्रा युनायटेड विजेती झाली. पुढे आय-लीग आली, त्यात २०१२-१३ मध्ये पुणे एफसी दुसरी आली. आज हे दोन्ही क्लब अस्तित्वात नाहीत. महिंद्रानं तर २०१० मध्येच संघ गुंडाळला. क्लब बंद पडतात तेव्हा खालच्या मुलांची शिडी जाते, याची हळहळ मला आजही आहे. शिडीचाच दुसरा प्रश्न बढती आणि पदावनतीचा. युरोपात तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालचे विजेते वर येतात. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये १२ गुणांसह तळाला राहिलेला ओडिशा कुठेही गेला नाही. खालून वर येण्याचा रस्ता पुढे उघडला. २०२२-२३ ची आय-लीग जिंकून पंजाब एफसी वर आली.

मला मात्र शिडीची अगदी खालची पायरी हवी आहे. नागपूर-कामठीला फुटबॉल जुनं आहे, विजय बारसे यांचं झोपडपट्टीतल्या मुलांसाठीचं स्लम सॉकर तिथूनच २००१ मध्ये सुरू झालं. वर्ध्यात आम्ही आता दिवाळीनंतर चार संघांची छोटी साखळी खेळवतो. चार संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे प्रत्येकाला सहा सामने आणि एकूण बारा. रविवारी सकाळी दोन सामने, सहा रविवार, परीक्षेच्या आत संपतं. पुलगावची मुलं रेल्वेनं येतात. पंच म्हणून आमचेच जुने खेळाडू उभे राहतात, त्यांना चहा-पोहे आणि पेट्रोलचे पैसे द्यावे लागतात, त्यासाठी गावातले दुकानदार थोडे थोडे देतात. गुणतक्ता मुलंच लिहितात आणि आपसातला निकाल आधी, गोलफरक नंतर, हा नियम त्यांनीच ठेवून घेतला. माझ्या त्या बॅकचा पहिला रविवार वेचणीमुळे चुकला. दुसऱ्या रविवारी ती सकाळी सातला मैदानावर होती, बोंडांनी ओरखडलेल्या बोटांवर पट्टी लावून, आणि तिच्या संघाचे पाच सामने अजून बाकी होते.