हिशेबनिसाने मागितला एमबीएचा हिशेब (व्यवस्थापनाचे मास्तर : भाग ९)

ऑक्टोबर २०२० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या नव्या डीनचं नाव जाहीर झालं, तेव्हा आपल्याकडे आडनाव बघून लोक खूश झाले. श्रीकांत दातार. १९०८ साली सुरू झालेल्या या संस्थेचे अकरावे डीन, आणि नितीन नोहरियांच्या पाठोपाठ भारतात जन्मलेले सलग दुसरे. या कौतुकात त्यांच्या परिचयातली एक ओळ मागे पडली, आणि आपल्या ठाणे-डोंबिवलीच्या दृष्टीने तीच खरी महत्त्वाची आहे. आयआयएम अहमदाबादच्या सुवर्णपदकाबरोबर त्यांच्याकडे इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्सचंही सुवर्णपदक आहे. म्हणजे आपली आयसीडब्ल्यूए. संस्थेचं नाव २०१२ मध्ये बदललं, तरी पालकांच्या तोंडी अजून तेच आहे. या संस्थेची कल्याण-अंबरनाथ अशी स्वतंत्र शाखा आहे, आणि कॉस्टिंगचा पेपर राहिला म्हणून तोंड पाडून बसलेलं एखादं पोर डोंबिवलीच्या बऱ्याच सोसायट्यांत सापडेल.

नेतृत्वावर लिहिणाऱ्या लेखकांची एक जातकुळी असते. अमुक सवयी, तमुक नियम, मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेला फोटो. दातार त्यांतले नाहीत. ते नेतृत्वाच्या प्रश्नाकडे आले ते खर्चाच्या टेबलावरून, आणि उशिरा.

वाटचाल झटपट सांगतो. मुंबई विद्यापीठाची पदवी, चार्टर्ड अकाउंटंट, मग अहमदाबाद. तिथून स्टॅनफर्ड : संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट. कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्डमध्ये शिकवून १९९६ मध्ये ते हार्वर्डला आले आणि तिथेच राहिले.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतात ते चार्ल्स हॉर्नग्रेन यांच्या जाडजूड ‘कॉस्ट अकाउंटिंग’मुळे. त्याची पहिली आवृत्ती १९६२ ची. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीचा कारभार सुरू झाला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण वागळे इस्टेटच्या गाळ्यांत पुढे जे प्रश्न उभे राहिले, त्यांचीच उत्तरं त्या पुस्तकात होती. दातार १९९४ च्या आठव्या आवृत्तीपासून सहलेखक झाले. तोवर त्या विषयात मोठी उलथापालथ सुरू झाली होती. ती काय होती, हे एका गाळ्याच्या हिशेबाने पाहू.

समजा, एका वर्कशॉपमध्ये महिन्याला अकरा हजार बुश बनतात. मोठ्या गिऱ्हाइकाची दहा हजारांची ऑर्डर एकाच लॉटमध्ये निघते. दुसरं गिऱ्हाईक छोटं. त्याला हजार नग हवेत, पण शंभर-शंभरच्या दहा लॉटमध्ये, आणि दर वेळी माप थोडं वेगळं. एका नगाला लागणारा मशीनचा वेळ दोन्हीकडे सारखाच. प्रत्येक लॉटआधी मशीनचं सेटिंग बदलावं लागतं : टूल काढा, लावा, दोन-चार नग वाया घालवा, तपासा. एका सेटिंगचा खर्च दहा हजार धरला, तर महिन्याचे अकरा सेटिंग म्हणजे एक लाख दहा हजार रुपये. जुन्या पद्धतीने हा सगळा ओव्हरहेड मशीनच्या तासांवर वाटला जातो. तास सारखे, म्हणून प्रत्येक नगावर दहा रुपये. मालक तेच धरून कोटेशन देतो.

आता ज्याने खर्च करायला लावला त्याच्या नावावर तो टाकून बघा. मोठ्या ऑर्डरला एकच सेटिंग लागलं : दहा हजार भागिले दहा हजार नग, म्हणजे नगामागे एक रुपया. छोट्या ऑर्डरला दहा : एक लाख भागिले हजार, नगामागे शंभर रुपये. मालक मोठ्या गिऱ्हाइकाला नऊ रुपये जास्त लावत होता, म्हणून ती ऑर्डर एक दिवस भोसरीला जाते. छोट्याला नव्वद रुपये कमी लावत होता, म्हणून तसली गिऱ्हाइकं वाढत जातात, गाळा दिवसरात्र चालतो आणि वर्षअखेरीस पैसा दिसत नाही. ‘काम भरपूर आहे हो, पण उरत काही नाही’ हे वाक्य अंबरनाथ-डोंबिवलीच्या एमआयडीसीत कोणी ऐकलं नाही?

या पद्धतीला अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग म्हणतात. ती गाजवली हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी, १९८० च्या दशकात. दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कष्टाची बाजू उचलली : कारखान्यातले प्रत्यक्ष आकडे घेऊन, उत्पादनातल्या गुंतागुंतीमुळे खर्च खरंच वाढतो का, आणि नेमका कशामुळे, हे संख्याशास्त्राने तपासणं.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम आहे १९८९ चा एक शोधनिबंध, राजीव बँकर यांच्यासोबत लिहिलेला. विषय : माणसाचं काम मोजायचं तर कुठल्या आकड्याला किती वजन द्यायचं. गणित कठीण आहे, निष्कर्ष सोपा. वजन दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं. पहिली, त्या माणसाने जास्त झटून काम केलं तर तो आकडा किती हलतो. दुसरी, तो आकडा इतर कारणांनी किती कमी डळमळतो. घोडबंदर रस्त्यावरच्या दुकानाचा मॅनेजर घ्या. विक्री त्याच्या मेहनतीने हलते, हे खरं. पण समोरचा रस्ता खणला, पाणी तुंबलं, की तीच विक्री त्याचा काही दोष नसताना पडते. उलट त्याच्या हजेरीचा आकडा अगदी पक्का, पण त्याच्या कर्तबगारीविषयी तो काहीच सांगत नाही. गुणाकारात एक बाजू शून्याजवळ गेली, की दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही.

हे लक्षात ठेवून २०१० चं ‘रीथिंकिंग द एमबीए’ वाचावं. डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक क्युलन यांच्यासोबत लिहिलेलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलची शंभरी २००८ मध्ये भरली, आणि त्याच साली जागतिक वित्तव्यवस्था कोसळली. कोसळवणाऱ्यांत नामांकित एमबीए कमी नव्हते. तिघांनी डीन आणि कंपन्यांच्या वरिष्ठांशी बोलून, शिकागो, इन्सिअड, येल, स्टॅनफर्ड आणि खुद्द हार्वर्डसकट सहा संस्थांचा अभ्यास करून मांडलं, की अभ्यासक्रम ‘माहीत असणं’ उत्तम शिकवतात. ‘करता येणं’ कमी शिकवतात. आणि ‘असणं’, म्हणजे स्वतःची मूल्यं ओळखून त्यांप्रमाणे वागणं, जवळजवळ नाहीच. (ही तीन पदं अमेरिकी सैन्याच्या नेतृत्वविषयक पुस्तिकांतही आहेत, फक्त तिथे ‘असणं’ पहिलं.) आठ उणिवा त्यांनी नोंदवल्या. त्यांतली शेवटची मला आवडते : आपल्या मॉडेलांच्या आणि बाजाराच्या मर्यादा ओळखता न येणं.

बँकरसोबतचं सूत्र दातारांनी या पुस्तकाला असं लावलेलं नाही, ते मी लावतो आहे. लेखी परीक्षेचा आकडा पक्का असतो, पुनर्तपासणीतही फार हलत नाही. पण चांगला मॅनेजर होण्याविषयी तो किती सांगतो? करण्याविषयी आणि असण्याविषयी सांगणारे आकडे डळमळीत, म्हणून संस्थांनी ते मोजणंच सोडलं. जे मोजलं नाही, ते शिकवलंही गेलं नाही.

ठाण्याला हा धडा परका नाही. चेंदणीच्या खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाची डॉ. वा. ना. बेडेकर व्यवस्थापन संस्था १९७३ पासून उभी आहे. नंतर घोडबंदरपासून कल्याणपल्याडपर्यंत एमएमएसची, म्हणजे आपल्याकडच्या एमबीएची, कॉलेजं निघाली. मुंबई विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमात ‘करून शिकायची’ जागा आहेच : दुसऱ्या आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या मधली दोन महिन्यांची समर इंटर्नशिप. तिचं काय होतं? काही मुलं मनापासून कारखान्यात उभी राहतात, याबद्दल वाद नाही. पण जून-जुलैत कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहा. इंटर्नशिपच्या अहवालाच्या काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं ठोकून घेण्यासाठी रांग असते, आणि संगणकावर बसलेला पोरगा मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये नाव, रोल नंबर आणि कंपनी बदलून देत असतो. ब्लॅक बुक तयार. व्हायव्हाला परीक्षक आधी बाइंडिंग बघतो, मग पानं किती ते. दोन्ही आकडे पक्के.

यात मुलांना झोडपणं सोपं आहे. पण शिक्षकाला एका वर्गाच्या साठ ब्लॅक बुकांवर आठवड्यात सह्या करायच्या असतील, तर तो काय वाचणार? हार्वर्डने या पुस्तकानंतर २०११ मध्ये पहिल्या वर्षासाठी फील्ड नावाचा कार्यक्रम सुरू केला, जवळपास नऊशे विद्यार्थ्यांना छोट्या गटांत वाटून परदेशांतल्या कंपन्यांकडे प्रत्यक्ष काम करायला पाठवलं. त्याला पैसा लागतो, आणि तो त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे पैसा नाही, पण वागळे इस्टेट कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या गाळामालकाला सेटिंगच्या खर्चाचा हिशेब मांडून देणारी दोन मुलं महिनाभर मिळाली, तर तो त्यांना चहा पाजून वर भत्ताही देईल. मार्क कोणी द्यायचे, एवढंच ठरवायचं राहतं. माझं मत विचाराल तर निम्मे त्या मालकाने द्यावेत. त्याचा आकडा डळमळीत असेल, पण मुलांनी खरंच काम केलं का, हे त्यालाच दिसलेलं असतं.

१ जानेवारी २०२१ ला दातारांनी डीनपद स्वीकारलं तेव्हा कोविडमुळे वर्गात काही विद्यार्थी समोर आणि बाकीचे पडद्यावर होते. त्या मिश्र वर्गांची आखणी करणाऱ्यांत ते स्वतः होते. त्याआधी काही वर्षं त्यांनी हार्वर्डच्या इनोव्हेशन लॅब्सचं अध्यक्षपद सांभाळलं आणि डिझाइन थिंकिंग शिकवलं. अलीकडे एआय शिकवण्यावर त्यांचा भर आहे.

हार्वर्डची केस पद्धत इथे मुद्दाम टाळली. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे वळू, आणि तेही घरच्याच केसमधून : स्टेफन थॉमके यांनी २०१० मध्ये मोना सिन्हा यांच्यासह मुंबईच्या डबेवाल्यांवर लिहिलेली केस.