बाळाचे वजन केले, आईचे काय?

सहाव्या आठवड्याच्या लसीसाठी बाळ आले की आम्ही बालरोगतज्ज्ञ त्याचे वजन करतो, दुधाची चौकशी करतो. त्याला घेऊन आलेली आई मात्र बहुधा नोंदीबाहेरच राहते. काही वर्षांपूर्वी सौंसरकडील एक तरुण माता ‘दूध पुरत नाही’ म्हणून तीनदा आली. तिन्ही वेळा मी बाळच तपासले. चौथ्यांदा तिची आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पोरगी रातभर रडते, लेकराले हात लावाले भेते.” निदान माझ्यासमोर बसले होते, मी विचारलेच नव्हते.

बाळंतिणीचा पहिल्या दिवसांतील हळवेपणा साधारणतः दोन आठवड्यांत ओसरतो. त्यानंतरही खिन्नता, अपराधीपणा, बाळाविषयी अलिप्तता टिकली, तर प्रसूतिपश्चात नैराश्याची शंका घ्यावी. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या गोव्यातील अभ्यासात (२००२) सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरोदरपणातील मानसिक त्रास, दारिद्र्य, पतीकडून होणारी हिंसा आणि मुलाच्या अपेक्षेत झालेली मुलगी ही त्यामागील कारणे होती. अशा मातांच्या बाळांची सहाव्या महिन्यातील वाढही खुंटलेली दिसली (२००३).

यांतील बरीच कारणे प्रसूतीपूर्वीच ओळखता येतात. म्हणून प्रतिबंधाची सुरुवात गरोदरपणीच व्हावी. दरमहा ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व तपासणीत गर्भवतीसोबत पती व सासूलाही बसवावे. नवजात बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागते, चिकाचे थोडे दूधही पुरते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे सर्वाधिक असते, हे आधीच कळले तर बाळाचे रडणे आईला स्वतःचे अपयश वाटणार नाही.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना शेकशेगडी, डिंकाचे लाडू, विश्रांती मिळते. हा मोठा आधार आहे. परंतु सासरी परतताच तो एकाएकी तुटतो. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटीही बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास संपतात. रात्री बाळ कोण घेईल, हे त्यामुळे आधीच ठरलेले असावे.

पांढुर्णा-सौंसरच्या आपण सर्व डॉक्टरांनी लसीकरणाच्या वेळी दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली वापरावी. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मातेस द्यावा. आत्मघाताचा किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आढळल्यास तिला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.

ती माता उपचारांनी बरी झाली. तेव्हापासून बाळाला काट्यावर ठेवण्यापूर्वी मी आईला विचारतो, “बाई, तुम्ही कशा आहात?”