शेवटचा शुक्रवार

आमच्या घरातले सगळे वाद जेवणाच्या टेबलावर होतात आणि दर वेळी वरणभात गार होतो. सप्टेंबर २०२२ मधल्या एका संध्याकाळी असेच झाले. आमचे चिरंजीव, वय वर्षे पंधरा, पोळीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणाले, "आई, या शुक्रवारी मी सॅन फ्रान्सिस्कोला क्रिटिकल मासला जाणार आहे. तीस वर्षं होतायत त्याला."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "ते सायकलवाले? लाल सिग्नल तोडून सगळं ट्रॅफिक अडवतात ते? अजिबात नाही!"

माझे वडील, अण्णा, त्या वेळी पुण्याहून आमच्याकडे आले होते. त्यांनी चष्मा वर केला. "सायकलवर फिरायला कसली रे परवानगी?"

झाले! वरणभात गार व्हायला सुरुवात झाली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मार्केट स्ट्रीटच्या टोकाशी, फेरी बिल्डिंगसमोरच्या चौकात सायकलवाले जमतात आणि घोळक्याने रस्ता भरून शहरातून फिरतात. अध्यक्ष नाही, सचिव नाही, वर्गणी नाही. (आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने हे वाक्य वाचले नाही तरी चालेल.) सप्टेंबर १९९२ मध्ये पहिली फेरी निघाली तेव्हा पन्नासेक माणसे होती आणि तिचे नाव होते 'कम्यूट क्लॉट', म्हणजे कामावरून घरी जाण्याच्या वाटेतली गुठळी! कोठून कसे जायचे हे कोणी एकाने ठरवायचे नाही. ज्याला सुचेल त्याने नकाशा काढावा, झेरॉक्स कराव्यात आणि चौकात वाटाव्यात. लोकांना पटला तो रस्ता. या कारभाराला त्यांनी नावही तसेच दिले. आपण त्याला 'झेरॉक्सशाही' म्हणू.

'क्रिटिकल मास' हे नाव मात्र चीनमधल्या एका निरीक्षणातून आले. टेड व्हाइट यांनी १९९२ मध्ये 'रिटर्न ऑफ द स्कॉर्चर' हा सायकलींवरचा माहितीपट काढला. त्यात न्यूयॉर्कमध्ये पेडल-रिक्षा बनवणारे जॉर्ज ब्लिस तिथल्या चौकांचे वर्णन करतात. सिग्नल नाही, मोटारींचा ओघ चालू आहे, आणि सायकलवाले कडेला साठत जातात. पुरेसे साठले की सगळे एकदम निघतात आणि मोटारींना थांबावेच लागते. आम्हा इंजिनियर लोकांना हा शब्द अणुभट्टीमुळे माहीत असतो. त्याला मराठीत क्रांतिक वस्तुमान म्हणतात. त्याहून कमी असले की अणुविभाजनाची साखळी विझून जाते. तेवढे झाले की ती आपली आपण चालू राहते.

हे ऐकून अण्णा हसले. "यात चीन कशाला पाहिजे? खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की आम्ही शेकड्यांनी सायकली घेऊन बाहेर पडायचो. चौकातला पोलीस मोटारीला हात करायचा आणि आम्हाला आधी सोडायचा. त्याला दुसरा इलाजच नव्हता!"

"अण्णा, तुम्ही घरी चालला होता. हे लोक मुद्दाम अडवायला येतात," नवरा म्हणाला.

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सायकलवाल्याला मोटारवाल्याइतकेच हक्क आहेत आणि तितकीच बंधनेही. म्हणजे लाल दिवा त्यालाही लाल. पण पाचशे सायकलींचा घोळका एका हिरव्या दिव्यात निघत नाही. मध्येच दिवा लाल झाला तर घोळका तुटतो आणि मोटारी आत घुसतात. म्हणून चारदोन जण आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकली आडव्या लावून उभे राहतात, मागचे सगळे निघून जाईपर्यंत. याला 'कॉर्किंग' म्हणतात, म्हणजे बाटलीला बूच लावणे. सगळी भांडणे होतात ती या बुचावरून.

भांडणे लहानसहानही नाहीत. १९९७ च्या उन्हाळ्यात वाहतुकीची फार कोंडी झाली म्हणून तेव्हाचे महापौर विली ब्राउन यांनी या फेऱ्यांना वेसण घालायचे ठरवले. परिणाम उलटा झाला. २५ जुलै १९९७ च्या फेरीला सुमारे पाच हजार सायकलस्वार आले आणि पोलिसांनी शंभरावर लोकांना पकडले. योगायोग असा, की बरोबर एकशे एक वर्षांपूर्वी, २५ जुलै १८९६ रोजी, याच मार्केट स्ट्रीटवर हजारो सायकलस्वारांनी मोर्चा काढला होता. मोटारी तेव्हा जवळजवळ नव्हत्याच. खड्डे आणि ट्रामचे रूळ यांनी सायकलवाले हैराण झाले होते, त्यांना चांगले रस्ते हवे होते. ज्या गुळगुळीत रस्त्यांवरून आज मोटारवाला सायकलवाल्याला हॉर्न मारतो, ते मागण्यात सायकलवाला आधी होता!

लंडनमध्ये ही भानगड थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली. पोलिसांचे म्हणणे, मिरवणूक काढायची तर आधी लेखी कळवा. नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल लागला, की ही रूढीने नेहमी निघणारी मिरवणूक आहे, आगाऊ सूचनेची गरज नाही.

"म्हणजे आपली पालखीच की!" अण्णा खूष झाले.

"पालखी कधी येणार ते लोकांना आधी पेपरात कळतं, अण्णा," नवऱ्याने तोही मुद्दा सोडला नाही.

मी इतका वेळ गप्प होते, त्याला कारण होते. एम. एस. करायला मी न्यूयॉर्कला होते. २७ ऑगस्ट २००४ ची गोष्ट. रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन तोंडावर होते आणि त्या शुक्रवारी युनियन स्क्वेअरला हजारो सायकलस्वार जमले. माझ्या वर्गातले दोघे त्यात होते. "चल की, तुझ्याकडे सायकल आहे," म्हणून त्यांनी फार आग्रह केला. सायकल होती, हौसही होती. पण पासपोर्टमध्ये विद्यार्थी व्हिसा होता. मी फुटपाथवर उभी राहून हात हलवला आणि सबवेने घरी गेले. त्या रात्री अडीचशेवर लोकांना अटक झाली. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपण बरे, आपले काम बरे. हे वाक्य बरोबर घेऊनच तर आपण सगळे विमानात बसलो होतो. मला वाटते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी तेही होते.

पण आता आम्ही दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतलेली. मुलगा तर इथेच जन्मलेला. त्याला 'नको' म्हणताना कारण काय सांगायचे? रस्त्यातला धोका हे कारण खरे होते. भीती हे कारण माझे होते, त्याचे नव्हते.

शेवटी तह झाला. तो जाईल, पण मी बरोबर असेन. हेल्मेट घालायचे (अठरा वर्षांखालच्यांना इथे ते कायद्यानेच लागते), पुढेमागे दिवे लावायचे, आणि पोलिसांनी सांगितले की थांबायचे.

३० सप्टेंबरला आम्ही दोघे सायकली घेऊन कॅलट्रेनने शहरात गेलो. चौक फुलून गेला होता. म्हातारे होते, लहान मुलांना पुढे बसवलेले आईबाप होते, सायकलला स्पीकर बांधून गाणी वाजवणारे होते. कोणी तरी घंटी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली आणि घोळका हलला. मी चिरंजिवांना एकच सूचना ओरडून देत होते, "रूळ आडवे ओलांड! चाक रुळात घालू नकोस!" मार्केट स्ट्रीटवर ट्राम धावतात आणि रुळाच्या खाचेत बारीक चाक अडकले की माणूस पडलाच. दोन चौक गेल्यावर माझ्या लक्षात आले, की मी मागे वळून बघायची थांबले आहे. एरवी सायकल चालवताना माझा अर्धा जीव मागच्या मोटारीत असतो. त्या संध्याकाळी मागे फक्त सायकली होत्या.

मग एका चौकात बूच लावायची वेळ आली आणि चिरंजीव नेमके तिथे जाऊन उभे राहिले. मीही थांबले. समोर एका नळदुरुस्तीवाल्याची व्हॅन होती. खिडकी खाली करून तो माणूस म्हणाला, "मी पहाटे पाचपासून कामावर आहे. मलाही घरीच जायचंय." तो शिव्या देत असता तर बरे झाले असते. मुलाचा चेहरा उतरला. "सॉरी, थांबल्याबद्दल थँक यू," एवढेच तो म्हणाला. घोळका चारपाच मिनिटांत निघून गेला, आम्ही बाजूला झालो. व्हॅनवाल्याने मान हलवली. ती कशासाठी ते कळले नाही.

घरी आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "मग, जमले का पुरेसे?"

त्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. कॅलिफोर्नियातले पीटर जेकबसन यांचा २००३ सालचा एक निबंध आहे. वेगवेगळ्या गावांचे आणि देशांचे आकडे तपासून त्यांनी दाखवले, की पायी आणि सायकलने जाणारे दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण एकतृतीयांशाने वाढतात. म्हणजे प्रत्येकाचा धोका एकतृतीयांशाने कमी होतो. यामागचे कारण काय यावर वाद आहेत, पण जेकबसन यांच्या मते बरेच सायकलवाले दिसू लागले की मोटारवाले जपून चालवतात.

हे गणित उलटेही चालते, आणि ते मी पुण्यात डोळ्यांनी पाहिले आहे. अण्णांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे थांबून बजाजची स्कूटर घेतली. शेजारच्या काकांनी लुना घेतली. मी शाळेत सायकलने गेले, पण बारावीच्या क्लासला जाताना रस्त्यावर सायकली कमी आणि स्कूटर जास्त झाल्या होत्या. "आता भीती वाटते" म्हणून मीही हट्ट करून कायनेटिक मागून घेतली. एकेक जण निघत गेला, राहिलेल्याला जास्त भीती वाटली, मग तोही निघाला. एवढ्या मोठ्या सायकलींच्या शहराचे क्रांतिक वस्तुमान असे विरघळले. कोणी मोर्चा काढला नाही, कोणाला अटक झाली नाही. कोणी काही विचारलेच नाही.

म्हणून माझे मत सांगायचे तर, बूच लावणे मला अजूनही पुरते पटलेले नाही. त्या व्हॅनवाल्याची पाच मिनिटे आमची नव्हती. जानेवारी २०२० मध्ये मार्केट स्ट्रीटचा बराचसा भाग खासगी मोटारींना बंद झाला, त्याचे श्रेय या फेऱ्यांना कितपत द्यायचे यावरही लोक भांडतील. पण पन्नास माणसांनी सुरू केलेली गोष्ट तीस वर्षे टिकली, ती फुटपाथवर उभे राहून हात हलवणाऱ्यांमुळे नाही, हे मात्र मला मान्य करावे लागले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर अण्णा नातवाच्या सायकलची सीट खाली करून घेत होते. "आमच्या गल्लीपुरताच जातो गं," म्हणाले. नवऱ्याने काही न बोलता आतून हेल्मेट आणून त्यांच्या हातात दिले. एक चक्कर झाली, दोन झाल्या. तिसऱ्या चकरेला नातू त्याच्या बापाची सायकल काढून त्यांच्या शेजारून चालला होता. मागून शेजाऱ्यांची मोटार आली. ती हॉर्न न वाजवता हळूहळू त्यांच्या मागून येत राहिली.